तात्यांनी फोन उचलला

पिंपळ, पांढरी साडी, मागून आलेली हाक... असलं काही वाचायला बसला असाल तर आत्ताच कटा. माझ्या गोष्टीत सर्टिफिकेट आहे. एसएसएल सर्टिफिकेट! बघा, अर्धे गेले पण.

राहिलेल्यांना सांगतो – माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मी करमाळ्याचा. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून आख्ख्या वर्गाला सुट्टी दिली होती, फटकेही खाल्ले. भुताचा आवाज म्हटलं की मला आधी वाटतं, कोण काढतोय?

आता अंधेरीत मरोळला एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही कोकणातल्या एका गावाच्या मुंबईकर मंडळाचं ॲप चालवतो. फोटो, गप्पा, भांडणं, सगळं गाव त्यात. त्याचं सर्टिफिकेट, म्हणजे ॲप खरं आणि सुरक्षित असल्याचा दाखला, त्याची मुदत संपली. ते संपलं की फोन ओरडतो, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’, आणि ॲप उघडतच नाही. मुदतीची आठवण करून देणारे मेल गेले होते, पण मंडळाचे सेक्रेटरी तात्या परब यांना. आणि तात्या पावसाळ्याआधीच वारले होते.

फुकटचं सर्टिफिकेट पण मिळतं हो. पण मागे कोणीतरी मंडळाच्या नावाने खोटं ॲप काढलेलं, म्हणून कमिटीला मंडळाचं नाव तपासून दिलेलंच पाहिजे. त्यासाठी सर्टिफिकेटवाले नोंदलेल्या नंबरवर फोन करतात आणि नोंदलेल्या माणसाशीच बोलतात. नंबर मंडळाच्या मुलुंडच्या खोलीतला. माणूस तात्या. नाव बदला म्हटलं तर कमिटी म्हणे, “वर्षश्राद्ध झाल्याशिवाय नाव काढायचं नाही. आमच्यात तसं करत नाहीत.”

संपलं. ॲप बंद, मंडळ दुसऱ्या कंपनीकडे जायच्या गोष्टी करतंय, आणि सर्टिफिकेट बघायचं काम माझं. नोकरी जाणार हे ऑफिसातल्या चहावाल्याला पण कळलेलं.

मंदार सर, म्हणजे आमचे बॉस, म्हणाले, “तू तात्यांचा आवाज झकास काढतोस ना? मग जा मुलुंडला, दुपारी पडताळणीचा फोन येईल तो उचल.”

“सर, ते गेलेत...”

“म्हणूनच तुला पाठवतोय ना यार!”

मी हो म्हणालो. खरं सांगू? इतका दमलो होतो की कशालाही हो म्हणालो असतो.

खोलीची किल्ली काकींकडे, तात्यांच्या बायकोकडे. त्या शेजारीच राहतात. वाटलं, दार उघडून जातील. कुठलं काय! कुळीथ निवडायला घेऊन समोरच बसल्या. आता यांच्यासमोर यांच्या नवऱ्याचा आवाज काढू? फोनकडे बघत मनात म्हणत होतो, वाजू नको बाबा, वाजू नको.

“चाय थंड होता मरे,” काकी म्हणाल्या.

“हो हो, घेतो.”

फोन वाजला नाही. आख्खी दुपार नाही. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. मधेच रिसीव्हर उचलून पाहिला तर टोनच नाही. काकी म्हणाल्या, रंगकाम झालं तेव्हा वायर तुटली ती तुटलीच.

वाट लागली म्हणत रिक्षात बसलो तर सर्टिफिकेटवाल्यांच्या मेलची कॉपी मला आली. ‘पडताळणी पूर्ण. सहकार्याबद्दल आभार, श्री. परब.’

मंदार सरांनी मिठीच मारली. “कलाकार आहेस!” मी सांगत होतो, सर, फोन आलाच नाही. ते हसत होते. ॲप चालू झालं, गाव परत भांडायला लागलं.

मला राहवेना. मी पडताळणीचं रेकॉर्डिंग मागवलं. एक मुलगी नाव, हुद्दा, वेबसाइट विचारतेय. समोर तात्या.

मी त्यांची नक्कल करताना शेवटी खोकतो, कारण लोक तिथे हसतात. खरे तात्या नाव सांगायच्या आधी खोकायचे. यात खोकला नावाच्या आधी आहे. आणि मागे, लांबून – “चाय थंड होता मरे.” मग माझाच आवाज – “हो हो, घेतो.”

सर म्हणतात मी एडिट केलं. नाही केलं. कसं झालं, आजही माहीत नाही. विचार करून करून डोकं बधिर झालंय.

शेवटी ते काकींना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. वाटलं रडतील. त्या माझ्यावरच उखडल्या.

“त्या चेडवान नाव इचारल्यान, हुद्दो इचारल्यान, जेवलात काय ता इचारूक तिका जमाक नाय? आणि तू रे मेल्या? थंयसरच बसललंस मा चाय ढोसत? माझ्या हातात फोन देवक काय झाला तुका?”