सत्याहत्तराव्या ब्लॉकमधला खड्डा

"भाऊसाहेब, तुमच्या कंट्रोल रूमचं घड्याळ पुढे पळतंय," मी फोनवर ठामपणे सांगितलं.

"घड्याळ कायले पळते?" पलीकडून आवाज आला. "म्या आताच पाह्यलं. माया मोबाइलसंग सेकंदाले सेकंद जुळून राह्यलं."

हा आवाज भाऊसाहेब वानखड्यांचा. अकोल्याच्या एमआयडीसीत त्यांची सरकीच्या तेलाची गिरणी आहे आणि गिरणीच्या मागे स्वतःचा छोटासा वीज प्रकल्प. मी अमरावतीत एका वीज ट्रेडिंग कंपनीत नोकरीला आहे. सव्वीस वर्षं सरकारी लोड डिस्पॅचमध्ये, म्हणजे कुठे किती वीज सोडायची ते ठरवणाऱ्या खात्यात, काढून रिटायर झालो आणि घरी बसून बायकोच्या स्वयंपाकाचं नियोजन करायला लागलो. महिनाभरात तिनेच मला ही नोकरी शोधून दिली.

काम सांगायला सोपं आहे. गिरणीवाल्यांकडे स्वतःची वीज असते. हंगाम उतरला की गिरणी थंड पडते आणि वीज उरते. ती उरलेली वीज आम्ही एक्स्चेंजवर विकायची. एक्स्चेंज म्हणजे विजेचा बाजार, भाजीबाजारासारखाच, फक्त माल दिसत नाही. इथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे शहाण्णव तुकडे करतात. एका तुकड्याला ब्लॉक म्हणतात. उद्याच्या प्रत्येक ब्लॉकला किती वीज देणार, हे आज दुपारी बाराच्या आत सांगायचं. सांगितली तेवढी दिली तर ठीक. कमी दिली तर त्याला डेव्हिएशन म्हणतात, आणि त्याचा दंड बसतो. कुठल्या ब्लॉकला किती, हे ठरवणारा तो शेड्यूलर. म्हणजे मी.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. गुलाबी अळीने कपाशी आतून पोखरली आणि लोकांनी उभी शेतं उपटून टाकली. भाऊसाहेबांचा बॉयलर पऱ्हाटीवर चालायचा. पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. त्या वर्षी ती ट्रॉल्या भरभरून आली. यार्डात तिचे डोंगर लागले होते आणि मी एक्सेलमध्ये 'फ्युएल पोझिशन एक्सलंट' असं लिहिलं होतं. ते वाक्य आता आठवलं की लाज वाटते.

मे महिन्यात विक्री जोरात सुरू झाली. संध्याकाळी सातनंतर सगळीकडे दिवे, कूलर, एसी लागतात, तेव्हा भाव चढतो. मी संध्याकाळच्या ब्लॉकना पावणेदोन मेगावॉट लावले. दिवसभर आकडा सरळ रेषेत चालायचा आणि सातच्या सुमारास धपकन खाली यायचा. दहा-बारा मिनिटांत परत वर. रोज. सात ते सव्वासात म्हणजे सत्याहत्तरावा ब्लॉक. आमच्या ऑफिसात त्याचं नावच 'सत्याहत्तरचा खड्डा' पडलं.

मी अभ्यासाला बसलो. मिनिटामिनिटाच्या नोंदी मागवल्या. त्यात दिसलं की खड्डा हळूहळू पुढे सरकतोय, दोन-तीन दिवसांनी एक मिनिट. माझा आनंद गगनात मावेना. बॉयलर बिघडला तर तो कधीही बिघडतो, पण असं शिस्तीत सरकणारं काही असेल तर ते घड्याळच. म्हणून मी तो फोन केला. घड्याळ चोख निघालं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. चार पानांचा इंग्रजी रिपोर्ट लिहिला, त्यात तीन ग्राफ रंगीत. शेवटी कारण लिहिलं: ऑपरेटरचा हलगर्जीपणा. शिफ्ट सुटायच्या वेळी माणूस ढिला पडतो, हे मी सरकारी नोकरीत स्वतःवरून शिकलेलो होतो.

भाऊसाहेबांनी रिपोर्ट वाचून फोन केला. "युसूफभाईले काढा म्हंता?"

"मी तसं म्हटलेलं नाही. मी फक्त निरीक्षण नोंदवलंय."

"मंग ते निरीक्षण म्हंजे काय असते? एकवीस वर्षांपासून बॉयलर त्याच्याच हातात हाय. पण हा दंड माह्यानं रोजचा सहन होत नाई. सोमवारी नागपूरचा एक माणूस बोलावतो."

युसूफभाई म्हणजे बॉयलर अटेंडंट. मूळचे अचलपूरचे. घर तिकडेच, महिन्यातून दोनदा एसटीने जाणार. पन्नाशी उलटलेले आणि परवानाधारक, पण त्या वयात दुसरा बॉयलर मिळणं सोपं नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी रात्री झोप लागली, हेही सांगून टाकतो.

शनिवारी मी पुरावा गोळा करायला स्वतः अकोल्याला गेलो. सव्वासहाला वही-पेन घेऊन कंट्रोल रूममध्ये उभा राहिलो. आत भट्टीची धग, बाहेर अकोल्याचा मे. युसूफभाईंनी स्वतःची खुर्ची मला दिली.

"पऱ्हाटीचं मोठं लफडं असते, साहेब," ते म्हणाले. "भुसा आपोआप सरकते. हे मात्र फांद्यात फांद्या अडकून बसते. फीडरपाशी, भट्टीत पऱ्हाटी जाते तिथं, बांबू घेऊन माणूस पाह्यजेच. नाई तं जाम होते, अन् अख्खा प्लांट बसते."

मी 'फीडर, बांबू' असं लिहून घेतलं आणि डोळे आकड्यावर रोवले.

सात वाजायला आले. युसूफभाईंनी फीडरचा वेग कमी केला. मी वहीत वेळ टिपली. सापडला, मनात म्हटलं. बांबूवाले दोघे आत येऊन हातपाय धुऊन जमिनीवर पोत्यावर बसले. तेवढ्यात अजान ऐकू आली. युसूफभाईंनी माझ्यापुढे स्टीलची ताटली धरली. तीन खजूर, कलिंगडाच्या फोडी, दोन भजी.

"घ्या, साहेब."

मी घेतलं. दुपारपासून पोटात काही नव्हतं. खजूर खाल्ला, भजी खाल्ली, दुसरी घेतली. कलिंगडाच्या बिया कुठे टाकाव्यात म्हणून मान वर केली, तर समोर सव्वा मेगावॉट.

सत्याहत्तरावा ब्लॉक मी स्वतः, तोंडात भजी धरून, खाली जाताना पाहिला.

घड्याळ नव्हतं. हलगर्जीपणा नव्हता. रमजान चालू होता आणि मे महिन्यात सूर्य रोज थोडा उशिरा मावळतो, एवढंच. सव्वीस वर्षं संध्याकाळचा लोड सूर्यास्तावर बेतणाऱ्या माणसाला सूर्यास्त ओळखता आला नाही.

माझी खरी फजिती तर पुढेच होती. मी ज्या भिंतीकडे पाठ करून बसलो होतो, तिच्यावर माझं शेड्यूल चिकटवलेलं होतं. शहाण्णव ब्लॉक, कंपनीच्या लोगोसकट. त्याच्या शेजारी खिळ्याला मशिदीतून मिळालेलं रमजानचं टाइमटेबल लटकत होतं. रोजची तारीख, पहाटेची सहेरी, संध्याकाळची इफ्तार, मिनिटासकट. माझे रंगीत ग्राफ आणि ते कार्ड एकावर एक ठेवले असते तर रेषा जुळल्या असत्या.

"युसूफभाई, हे मला आधी का नाही सांगितलं?"

ते गोंधळले. "सांगतलं ना, साहेब. रोजे लागले त्याच्या आदल्या दिवशी तुमी आले होते. म्या म्हनलं, उद्यापासून रमजान हाय, मगरिबच्या, रोजा सोडाच्या टाइमले फीडर हळू ठेवतो, ध्यानात असू द्या."

"मग मी काय म्हणालो?"

"तुमी म्हनले, मुबारक हो."

मला ते आठवलं. हात हातात घेऊन, चांगलं हसून म्हणालो होतो. आपण किती मिळून मिसळून राहतो, असं वाटून परतीच्या रस्त्यात खूषही झालो होतो.

तिथूनच मी भाऊसाहेबांना फोन लावला. सोमवार एका दिवसावर आला होता.

"चूक सापडली, भाऊसाहेब."

"कोणाची?"

"माझी."

सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तुमचा रिपोर्ट इंग्रजीत होता. हेही इंग्रजीतच लिवून द्या. सही ठोका. नागपूरवाल्याले मी नाई म्हनून सांगतो. अन् आतापर्यंतचा तो दंड?"

"कंपनीशी बोलतो."

कंपनीत माझे साहेब तिशीतले. त्यांनी फोनवर विचारलं, "फॉर्ममध्ये डेव्हिएशनचं रीझन काय टाकताय?"

"शेड्यूलिंग एरर."

"म्हणजे आपली एरर? काका, फ्युएल टाका ना. पऱ्हाटी ओली होती म्हणा."

"मे महिन्यात, अकोल्यात?"

ते हसले आणि माझं रीझन तसंच गेलं. दंडाचा मोठा भाग कंपनीला सोसावा लागला आणि त्या वर्षी माझी पगारवाढ झाली नाही. ती व्हायला नकोच होती.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. मी कार्डाचा फोटो काढला आणि त्याप्रमाणे त्या एका ब्लॉकची विक्री कमी लावली. खड्डा तोच राहिला, पण आता तो आम्ही आधी सांगून पाडत होतो. दंड बंद झाला.

तरी अक्कल पूर्ण आली नव्हती. ईदला प्लांट बंद राहणार होता. एकोणतिसाव्या रोज्याला सकाळी मी फोन केला. "युसूफभाई, ईद उद्या की परवा? बाराच्या आत आकडे टाकायचेत."

"चांद दिसल्यावर समजन, साहेब."

"कधी दिसेल?"

"मगरिबनंतर."

"अंदाजे?"

"चांदाचा अंदाज नाई लावत, साहेब."

मी लावला. उद्याला शून्य टाकलं. चांद दिसला नाही. दुसऱ्या दिवशी बॉयलर पेटलेला, पऱ्हाटीचे डोंगर उभे, आणि विजेला गिऱ्हाईक नाही. प्लांट दिवसभर नुसता गिरणीपुरता रेंगाळला. पुढे काही वर्षांनी तासभर आधी बोली लावायचा बाजार निघाला, तेव्हा मला सगळ्यात आधी तो न दिसलेला चांद आठवला.

ईदनंतर मी दुरुस्त रिपोर्टाची सही केलेली प्रत घेऊन अकोल्याला गेलो. एक प्रत युसूफभाईंना द्यावी असं वाटत होतं, पण पहिल्या रिपोर्टाबद्दल त्यांना काही कळलं नसेल तर उगाच कशाला, म्हणून ती बॅगेतच ठेवली. निघताना ते गेटपर्यंत आले.

"साहेब, तो नागपूरवाला आता येत नाई ना?"

मी जागीच थांबलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"ऑफिसात टेबलावर पडला होता तुमचा कागद. माया भाचीनं फोटोवरून वाचून दाखवला. लय मेहनतीनं लिवला तुमी. रंग-बिंग भरून."

"म्हणजे मी त्या शनिवारी आलो, तेव्हाही माहीत होतं?"

"होतं."

"मग ती ताटली माझ्यापुढे काऊन धरली?" माझ्या तोंडून आपसूक वऱ्हाडी निघालं.

"रोजा सोडाचा टाइम होता, साहेब," ते म्हणाले. "त्या टाइमले दारातल्या मानसाले उपाशी थोडीच ठेवतात?"

मी बॅगेतून प्रत काढून त्यांना दिली. आता दरवर्षी रमजानच्या आधी मी त्यांच्याकडून ते कार्ड मागवतो आणि माझ्या टेबलासमोर लावतो. सगळ्या प्लांटवाल्यांना फोन करून त्यांच्याकडे कधी काय सण-उपास असतो ते विचारतो. आणि कुणी काही सांगायला लागलं, की मुबारक म्हणायच्या आधी ते वहीत लिहून घेतो.