शमुवेलची आभारप्रार्थना

मुलुंडच्या शमुवेल भिंगारदिवेने तीन रविवार बायकोला टोलवलं. पहिल्या रविवारी पाठ दुखत होती. दुसऱ्या रविवारी ड्यूटी निघाली. तिसऱ्या रविवारी कारणच सुचेना, तेव्हा तो अंघोळीला गेला आणि तासभर बाहेरच आला नाही.

"अहो, देवाने मरणातून ओढून काढलं तुम्हाला," क्षमा दाराबाहेरून ओरडली. "आभार मानायला मुहूर्त बघताय का? आपल्यात मुहूर्त नसतो!"

शेवटी तिनेच चर्चच्या पाळकसाहेबांना दिवस ठरवून दिला, मंडळीतल्या लोकांना निरोप धाडले आणि शमुवेलच्या कंपनीतल्या हितेश साहेबालाही घरी बोलावलं.

शमुवेल सत्तावीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करतो. गेल्या महिन्यात घाटकोपरच्या एका इमारतीत तो लिफ्टच्या छपरावर उभा राहून रुळांना तेल देत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्ट बोलावली आणि ती त्याला घेऊन वर निघाली. त्याची बोंब ऐकून मशीनच्या खोलीत काम करणाऱ्या त्याच्या जोडीदाराने, अनंताने, मेन स्विच खाली ओढला. डोकं आणि वरचा स्लॅब यांच्यात वीतभर जागा उरली.

छपरावर पाय ठेवण्याआधी तिथलं लाल बटण दाबायचं, मग लिफ्ट जागची हलत नाही. नव्या लोकांना हे शमुवेलच शिकवतो. त्या दिवशी त्याने स्वतः दाबलं नव्हतं. आणि ऑफिसात विचारल्यावर "दाबलं होतं" म्हणून मोकळा झाला. मग साहेबांनी तर्क लढवला: बटण दाबलेलं असून लिफ्ट हलली, म्हणजे घोळ मशीनच्या खोलीत झाला. चौकशी संपेपर्यंत अनंताला घरी बसवलं.

तर प्रार्थनेला घर भरलं. दोन गीतं झाली, स्तोत्र वाचून झालं. देवाचे दूत आपल्याला कसे जपतात, यावर पाळकसाहेब बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "आता शमुवेलभाऊ साक्ष देतील, देवाने कसं वाचवलं ते सांगतील."

शमुवेल उठला. घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"अहो, बोला की!" क्षमा दात खाऊन पुटपुटली.

"देवाने मला वाचवलं," तो म्हणाला. "अनंताच्या हाताने वाचवलं. आणि मी त्याच अनंताची वाट लावली. ते बटण मी दाबलंच नव्हतं."

कुणीतरी सवयीने "आमेन" म्हणालं आणि जीभ चावली.

हितेशने कपाळाला हात लावला. "काका, हे इथे कशाला? ऑफिसात सांगायचं ना!"

"तिथे तोंड उघडलं नाही रे. आता देवापुढे तरी किती दिवस गप्प बसू?"

"नोकरी जाईल तुमची. कळतंय का?"

"कळतंय. कागद दे, लिहून देतो."

क्षमा लाल झाली होती. "तीन आठवडे! तीन आठवडे मी देवाचे आभार मानतेय आणि तो माणूस घरी बसलाय? आधी फोन लावा त्याला. माझ्यासमोर."

शमुवेलने फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि सगळ्यांसमोर अडखळत सगळं सांगितलं.

"येडा झालायस का रे तू?" अनंता पलीकडून म्हणाला. "मला वाटलं, मीच काहीतरी चुकलो. रोज तेच डोक्यात." मग त्याचा आवाज चढला. "कागदावर सही केलीस?"

"करतोय."

"कर. मी येतो आणि वाचतो. तोवर तिथून हलू नकोस."

क्षमाने पेन आणून नवऱ्याच्या पुढ्यात आपटलं.