चिमटा आणि तूप

बेंगळुरातल्या जुन्या मराठा घरांत एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात, की आमचे पूर्वज सतराव्या शतकात घोड्यावर बसून इकडे आले. मोहीम होती, ती संपली, परतीचा हुकूम यायचा राहिला. तो अजूनही आलेला नाही. दरम्यान घोडे गेले, स्कूटरी आल्या, त्याही गेल्या, आणि ही माणसं जे. पी. नगरात फ्लॅट घेऊन हुकमाची वाट पाहत सुखात राहिली. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी.

कौशल्याक्का अशाच घरातल्या. पासष्टी ओलांडलेल्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर ‘वेळ झाला नाही’ एवढंच सांगायच्या. यशवंतपूर स्टेशनच्या चौकशी खिडकीत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. देशातल्या झाडून सगळ्या प्रांतांची माणसं त्या खिडकीशी येऊन वाकून गेली. पंजाबी असे, बंगाली तसे, असं कुणी छातीठोक सांगू लागलं की अक्का म्हणायच्या, असतील बाबा, पण गाडी लेट झाली की सगळे एकाच चेहऱ्याचे होतात.

समाजात मात्र त्यांचं नाव होतं ते जिभेमुळे. व्याहीभोजनात मुलीकडच्या बायकांनी वरपक्षाला गाण्यातून चिमटे काढायचे, ही चाल महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी डीजेखाली चिरडून मेली. अक्कांच्या गोतावळ्यात ती टिकली, कारण तिला मारायला अक्कांसमोर जायला लागलं असतं. ओव्या त्या पंगतीतच उभ्या उभ्या रचायच्या. नियम आईकडून आलेले. म्हणायचं ते तोंडावर. माणूस जे करतो त्यावर म्हणायचं, जो जन्मला त्यावर नाही. आणि ज्याला चिमटा काढला, त्याच्या पानावर लगेच स्वतःच्या हाताने तूप वाढायचं. या तुपाच्या जोरावर अक्कांनी आजवर एक तहसीलदार, दोन पुढारी आणि घराण्यातल्या जावयांची अख्खी पिढी सोलून काढली होती. कुणी रागावून उठल्याचं ऐकिवात नाही.

यंदा लग्न भव्याचं होतं. भव्या म्हणजे अक्कांचा धाकटा भाऊ जयसिंगराव याची मुलगी. फिजिओथेरपिस्ट. शाळा इंग्रजी, गल्ली कन्नड, तेव्हा तिला मराठी आली ती सगळी आत्याच्या मांडीवर बसून. नवरा मुलगा गिरीराज पुण्याचा, नोकरी बेंगळुरात. मान आखडली म्हणून तो तिच्याकडे आला होता. तिने ती मोकळी केली, आणि त्याने ती कायमची तिच्या हाती दिली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कल्याण मंटपात संगीताचा कार्यक्रम झाला. नाच झाले, नाचासारखे काही प्रकारही झाले, आणि मग गिरीराजचा चुलत भाऊ रणवीर माईक घेऊन उभा राहिला. तोही बेंगळुरातच एका कंपनीत होता, आणि शनिवार-रविवारी कुठल्याशा कॅफेत विनोद सांगायचा. लोक तिथे कॉफीचे पैसे देत, त्यामुळे विनोद पूर्ण ऐकून घेत.

पहिला विनोद भव्याच्या बोलण्यावर होता. त्या दिवशी सकाळी तिने सासूबाईंना ‘स्वल्प बसा, काफी येती’ म्हटलं होतं. रणवीरने हुबेहूब तो सूर काढला आणि म्हणाला, वहिनी मराठीच बोलतात, फक्त खाली सबटायटल लागतात. अक्का हसल्या. भव्याही हसली. विनोद बरा होता, आणि मुख्य म्हणजे त्यात भव्या होती.

दुसऱ्यापासून ती त्यात उरली नाही. रणवीरने कमरेला उपरणं लुंगीसारखं गुंडाळलं, ‘अय्यो अय्यो’ करत मान हलवली, कोपरापर्यंत दहीभात चाटून दाखवला, आणि समस्त दक्षिण भारत एका माणसात कोंबून स्टेजवर फिरवला. पुणेकर टाळ्या देत होते. हसण्यात मुलीकडचेही मागे नव्हते, कारण मुलीकडच्यांनी हसायचं असतं. स्वतः जयसिंगराव हसत होते. गंमत म्हणजे हेच जयसिंगराव घरी शेजारच्या तमिळ कुटुंबावर बोलताना याहून फार वेगळं काही करत नसत.

शेवटी रणवीरने फोटोग्राफरचा किस्सा सांगितला. म्हणे, वधूच्या फोटोंना तो जादा दिव्यांचे पैसे मागतोय, कारण नुसता फ्लॅश टाकला तर दागिनेच येतात, आत कोण आहे ते कळत नाही.

भव्या सावळी होती. सभागृह हसलं. ती स्टेजसमोरच्या सोफ्यावर बसून होती, ओठांवर हसू तसंच ठेवलेलं, आणि हात मेंदीचे म्हणून ते कुठे लपवायचीही सोय नव्हती. गिरीराज हसला नाही. पण तो उठलाही नाही.

कार्यक्रम आटोपल्यावर तो मेकअपच्या खोलीत आला आणि भावाच्या वतीने माफी मागू लागला. भव्या म्हणाली, ज्याची आहे त्याने आणून द्यावी. तो गेल्यावर तिने कानातले काढून ठेवले आणि आत्याला सांगून टाकलं.

“आत्या, मी त्यांच्याकडे इंग्लिशच बोलते उद्यापासून, सरी का. मराठी नको. मी तोंड उघडायचीच वाट बघत बसलेत ते.”

ती रडत वगैरे नव्हती. रडली असती तर अक्कांना बरं वाटलं असतं. रडण्यावर इलाज असतो. हिने तर ठरवलं होतं, आणि ठरवण्याची ही सवय तिला आत्याकडूनच लागलेली.

सकाळी मुलीकडच्या खोलीत सभा भरली. रात्री हसलेले सगळे एव्हाना चिडले होते. भाचे, वहिन्या, मावश्या, ज्याने त्याने दारूगोळा आणला होता. पुणेकरांचा चिक्कूपणा. पुणेकरांची दुपारची झोप. पुणेकरांच्या पाट्या. अक्का, आज सोडायचं नाही एकेकाला, म्हणे.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हे सगळे विनोद पुणेकरांनीच करून ठेवलेत, आपल्याआधी, आणि आपल्यापेक्षा बरे. आणि त्याने दहीभात फिरवला म्हणून आपण चिक्कू फिरवायचा असेल, तर मग त्यालाच बोलवा की गायला. त्याचा आवाज मोठा आहे.”

सभा हिरमुसली. मग जयसिंगरावांनी बहिणीला बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं, या वेळी गाणंच राहू द्यावं. उगाच वाकडं नको. मुलगी द्यायची आहे.

“मुलगी देतोय आपण, जयसिंग,” अक्का म्हणाल्या. “तिची जीभ नाही देत.”

पण अडचण खरी होती. केलेल्या गोष्टीवर म्हणायचं, तर त्या माणसांनी काय केलं ते ठाऊक हवं, आणि अक्कांना पुणेकरांपैकी धड कुणाचीच ओळख नव्हती. मुहूर्ताला अवकाश होता. अक्कांनी नवी साडी नेसली, कॉफीचा ट्रे उचलला आणि वरपक्षाच्या खोल्यांत शिरल्या. चौकशीच्या खिडकीत आयुष्य गेलेल्या बाईला एवढ्या वर्षांनी प्रथमच चौकशी उलट्या बाजूने करायला मिळत होती. कोण कशाबद्दल बोलतो, कोण पुन्हा पुन्हा कशाला हात लावतो, एवढंच त्या बघत राहिल्या. ट्रे रिकामा झाला तेव्हा वरपक्षातली माणसं त्यांना निरनिराळी दिसू लागली होती. आदल्या संध्याकाळी तीही एक घोळकाच वाटली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते त्यांना विशेष आवडलं नाही.

लग्न लागलं. भव्या सासरच्यांशी बोलली ते ‘येस’, ‘थँक्यू’ आणि ‘आय ॲम फाइन’. सासू यशश्रीबाई दोनदा मराठीत काही विचारायला आल्या आणि दोनदा इंग्रजीत परत गेल्या.

मग पंगत बसली. केळीची पानं, डाळीची कोसंबरी, होळिगे म्हणजे इकडची पुरणपोळी. वाढप्यांची टोळी जवळच्या आनेकल गावची, तिला अक्कांची ख्याती ठाऊक होती, त्यामुळे सांबार वाढून झालं तरी पोरं भिंतीशी रेंगाळत उभी राहिली. जयसिंगराव पानाकडे बघत बसले. अक्का तुपाचं भांडं घेऊन मधे उभ्या राहिल्या आणि थेट वरपित्यापुढे गेल्या. भगवंतराव पुण्याहून स्वतः गाडी चालवत आले होते, आणि कुठे थांबलो, कुठे चहा कसा होता, हे त्यांनी सकाळपासून भेटेल त्याला सांगितलं होतं.

“व्याही आले पुण्याहून, गाडी हाकत स्वतः,
वाटेतल्या चहाची सांगती सत्यनारायणाची कथा,
पाचवा अध्याय झाला तरी हुबळी काही येईना,
इकडे पान वाढलंय, प्रसाद कुणी घेईना.”

मग भगवंतरावांचाच थोरला भाऊ उसळून हसला, कारण ती कथा त्याने गाडीत बसून ऐकली होती, मूळ घटनेसकट. भगवंतराव हसत म्हणाले, हुबळीचा चहा खरंच फक्कड होता हो. अक्कांनी त्यांच्या होळिगेवर तूप सोडलं आणि पुढे सरकल्या.

“विहीणबाई यशश्री, लेकाचा तुरा नीट करती,
मंगलाष्टक थांबलं, भटजी अक्षता हाती धरती,
तुरा झाला सरळ, मुहूर्त झाला वाकडा,
आता ठेवा हो हात खाली, घास घ्या की थोडका.”

यशश्रीबाईंचा हात तेव्हाही गिरीराजच्या फेट्याकडेच निघाला होता. तो वाटेत थांबला, आणि अख्ख्या पंगतीने तो थांबलेला पाहिला. सगळ्यात मोठ्याने त्या स्वतःच हसल्या. अक्का पान सोडून पान घेत गेल्या. घोरणारे काका झाले, प्रत्येक भाजीची कृती विचारून एकही न लिहिणारी मावशी झाली, खुद्द गिरीराज आणि त्याची मान झाली. कुणाचा रंग आला नाही, कुणाचं गाव आलं तर ते चहापुरतं. लोक आता वाट बघू लागले होते. आपल्यात असं काय दिसलं असेल, या उत्सुकतेने माना पुढे येत होत्या.

रणवीर ताठ बसला होता. कालच्याचं उट्टं निघणार हे त्याला कळत होतं, आणि चेहरा त्याने आधीच खिलाडू करून ठेवला होता. अक्का त्याच्यापर्यंत आल्या. त्याच्या पानावर नजर टाकली. आणि त्याच्या शेजाऱ्यावर ओवी म्हणून, शेजाऱ्याला तूप वाढून, पुढे निघून गेल्या.

रणवीरला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग इकडेतिकडे पाहिलं तर ओळीत कोरडी होळिगे त्याची एकट्याचीच. मुलीकडच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना अर्थ ठाऊक होता. ज्याच्यावर ओवी नाही, तो सोयऱ्यांत धरलेला नाही. तो आला, जेवला, गेला. हे रणवीरला कुणी सांगितलं नाही, पण हशा आपल्याला वळसा घालून कसा जातो ते स्टेजवरच्या माणसाला चटकन कळतं.

अक्का ओळीच्या टोकाला पोचल्या तेव्हा तो म्हणाला, “आत्या, माझ्यावर?”

“तुझ्यावर मी कशी म्हणू?” अक्का वळून म्हणाल्या. “तू बोललास भव्याला. म्हणायचं का नाही, ते तिनं ठरवायचं. तिला विचार. कशाबद्दल विचारतोयस, तेही सांगून विचार.”

पंगतीतले हात पानांवर थांबले. जयसिंगरावांनी डोळे मिटले. रणवीर उठला, नवरानवरीच्या पानांसमोर गेला, आणि माईक नसताना त्याचा आवाज बराच लहान निघाला. तो रंगाचा विनोद घाणेरडा होता, तो म्हणाला. लुंगीचाही. लोक हसत होते म्हणून मी थांबलो नाही.

भव्याने त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग ती उठली, आत्याच्या हातून तुपाचं भांडं घेतलं आणि घसा साफ केला. सूर आत्याचा होता. भाषा जे. पी. नगरची, कुठेही न झाकलेली.

“रणवीर भावजी शाणे, माईक धरती हातात,
किती वर्सं काढली स्वल्प स्वल्प बेंगळुरात,
भाजीवाली काही पुसती, रिक्षावाला काही पुसतो,
भावजींचा कारभार सारा एका शब्दावर बसतो,
गोत्तिल्ला गं बाई, गोत्तिल्ला.”

गोत्तिल्ला म्हणजे ‘ठाऊक नाही’. बेंगळुरात नोकरीला आलेला माणूस हा शब्द पहिल्या आठवड्यात शिकतो आणि पुष्कळदा तिथेच शिक्षण थांबवतो. भिंतीशी उभी वाढप्यांची पोरं बादल्या खाली ठेवून हसत सुटली. गिरीराजला ठसका लागला, कारण त्याचंही शिक्षण तेवढंच होतं. पुण्याच्या मावश्या अर्थ विचारू लागल्या, त्यांना तो वाढप्यांनी सांगितला, आणि दुसऱ्या लाटेने मंटप पुन्हा हसला. रणवीरही हसला, कानांपर्यंत लाल होऊन.

“गोत्तायितु, वहिनी,” तो म्हणाला. कळलं. शब्द मागे उभ्या वाढप्याने पुरवला होता, पण उच्चार त्याचा त्याने केला.

भव्याने त्याच्या पानाशी जाऊन तूप वाढलं, अंमळ जास्तच.

अक्कांनी भांडं परत घ्यायला हात पुढे केला. पण भव्याची नजर आता सासऱ्यांवर होती आणि तिथून सासूबाईंवर. “आत्या, तू बस. तुझं पान थंड होतंय,” ती म्हणाली, आणि दुसरी ओवी सुरू केली. यशश्रीबाईंनी कौतुकाने मधेच काही विचारलं, तिने ओवीतच उत्तर दिलं, मराठीत, एक कन्नड शब्द घालून. मग तिसरी झाली, ती खुद्द बापावर, संगीतात फार मोठ्याने हसल्याबद्दल. जयसिंगरावांनी ती मान खाली घालून ऐकली आणि पान पुढे केलं.

चौथी अक्कांवर होती. इतक्या लग्नांत त्यांच्यावर ओवी म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. त्या पानावर बसल्या, मांडी नीट घातली आणि पहिला घास हातात घेऊन ऐकू लागल्या.