दातमास्तरांचे नवे टायर

दातमास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. ते कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर बोळक्या तोंडांचे ठसे त्यांच्याकडे पाठवत आणि मास्तर खिडकीखालच्या टेबलाशी बसून गुलाबी मेणात एकेक दात बसवत. दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात, पण मास्तरांचं चांगलं भरलं होतं, आणि दारात जुनी का होईना एक गाडी उभी होती. ‘मास्तर’ ही पदवी मिळाली ती प्रश्न विचारण्याच्या खोडीमुळे. लिफ्ट दुरुस्त करायला कुणी आलं की हे त्याच्या मागोमाग गच्चीपर्यंत जाणार. काच कापणारा आला की त्याचा हिरा हातात घेऊन उलटसुलट बघणार. त्यांची बायको म्हणायची, आमच्याकडे चोर शिरला तर हे त्याला कुलूप कसं उघडलं ते विचारतील आणि वर चहा पाजतील.

अशा माणसाला गेले काही महिने एक प्रश्न पडला होता, आणि तो मात्र ते कुणालाच विचारत नव्हते.

तयार कवळ्या डब्यांत भरून आसपासच्या गावांतल्या डॉक्टरांकडे पोचवायला मास्तर अधूनमधून गाडी काढत. मोठ्या रस्त्याला लागून गाडीने वेग घेतला, की स्टिअरिंग हातात थरथरायला लागायचं. दुसरा कुणी असता तर गाडीला चार शिव्या घालून मोकळा झाला असता. मास्तरांनी आधी आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांचे वडील किल्ल्या घासून देत. साधारण याच वयात वडिलांचे हात कापायला लागले होते. किल्ल्या कुलपात अडकू लागल्या, गिऱ्हाइकं तक्रार घेऊन परत येऊ लागली, आणि एक दिवस वडिलांनी आपली कानस फडक्यात गुंडाळून ठेवली ती पुन्हा सोडलीच नाही. कवळीतला दात केसभर तिरका बसला तरी माणसाला घास चावता येत नाही. हात गेले की काम गेलं, एवढा सरळ मामला होता. मास्तरांना भीती वाटत होती, आणि ती वाटते असं कबूल करण्याची त्याहून जास्त वाटत होती.

त्यामुळे थरथर गाडीची की आपली, हे त्यांना कळायला हवं होतं आणि कळायला नकोही होतं. टेबलाशी बसलं की हात नेहमीसारखे चालायचे. गाडीत बसलं की शंका येऊन शेजारच्या सीटवर बसायची. बायकोसमोर मात्र ते गाडीचीच तक्रार करत. तिकडे टायर बदला, टायर बदला म्हणून बायकोने दाताच्या कण्या केल्या होत्या. टायर खरोखरच म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखे गुळगुळीत झाले होते. शेवटी तिने आपणच टायरच्या दुकानात फोन केला आणि ठरलेल्या सकाळी मास्तरांच्या आधी गाडीत जाऊन बसली.

दुकान म्हणजे एक उंच पत्र्याची शेड होती. आत रबराचा वास, कोपऱ्यात धडधडणारा हवेचा पंप, आणि भिंतीला टेकून उभ्या केलेल्या टायरांच्या चळती. दुकानाची मालकीण चाळिशीची, केसांना रुमाल बांधलेली. सगळे तिला ताई म्हणत, तिच्यापेक्षा मोठेसुद्धा. तिने काका-काकूंना दोन खुर्च्या दिल्या. काकू बसल्या. काका काही बसणाऱ्यांतले नव्हते.

ताईने गाडी उचलली, चाकं काढली, आणि जुना टायर यंत्रावर चढवून त्याची कड रिमपासून सोडवली. मास्तर इतके जवळ गेले की तिने त्यांना हाताने जरा मागे सारलं. नव्या टायरच्या कडेला ती साबणाचं पाणी का लावते? पुसून तर टाकायचं आहे. रबर न फाटता घसरून बसावं म्हणून, ताई म्हणाली. टायरवर हा पिवळा ठिपका कसला? टायर इथे सगळ्यांत हलका आहे, म्हणून हा ठिपका हवा भरायच्या नळीपाशी ठेवायचा. नळीचं थोडं वजन असतं, ते तिथे भरून निघतं. मास्तरांनी हे ऐकून बायकोकडे असं पाहिलं की जणू तो ठिपका त्यांनीच शोधला होता.

हवा भरल्यावर ताईने पहिलं चाक दुसऱ्या एका यंत्राच्या दांडीवर बसवलं. आणि तिथे थांबली. रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेवरून तिने अंगठा फिरवला. मग दुसरं चाक बघितलं, मग तिसरं.

“काका, याची जुनी वजनं कुठे गेली?”

कसली वजनं, असं मास्तरांनी विचारलं. ताईने डब्यातून शिशाचा एक छोटा तुकडा काढून दाखवला. कुठलंही चाक सगळीकडून सारखं नसतं, कुठेतरी जड असतंच, तिने समजावलं. जोरात फिरायला लागलं की तो जड भाग चाकाला आपल्याकडे ओढतो आणि गाडी थरथरते. म्हणून समोरच्या हलक्या बाजूला असे तुकडे बसवून तोल सांभाळायचा.

मास्तर त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग हळूहळू सगळा उलगडा झाला. काही महिन्यांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी गाडी धुतली होती. चाकांच्या कडेला हे काळपट तुकडे चिकटलेले दिसले होते. कवळी साच्यातून निघते तेव्हा तिच्या कडेला असाच जादा माल चिकटलेला असतो. तो राहिला तर माणसाची हिरडी सोलवटते, म्हणून आयुष्यभर मास्तरांनी असला माल दिसेल तिथे खरवडून काढला होता. इथेही काढला. घरातून आपली लहान सुरी आणि पकड आणून, चारही चाकांवरून, अगदी मन लावून. वर पॉलिशही केलं होतं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? मास्तरांनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ताई आधी ओठ दाबून ऐकत होती, मग पकड खाली ठेवून पोटभर हसली. बायकोही हसली, पण ताईपेक्षा जरा लवकर थांबली. मास्तर सगळ्यांत जास्त हसले. थरथर कधी सुरू झाली ते आता त्यांना बरोबर आठवत होतं. ती गाडी धुतल्यानंतरची होती. हात नव्हते ते, चाकं होती.

मग तर त्यांच्या प्रश्नांना ऊतच आला. चाक फिरायचं, थांबायचं, पडद्यावर आकडे यायचे, ताई सांगितलेल्या जागी तुकडा ठोकून पुन्हा फिरवायची. आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही बाजूंना शून्य आल्याशिवाय ती चाक खाली उतरवत नव्हती. जड बाजू घासून का टाकत नाही, मास्तरांनी विचारलं. ताई म्हणाली, घासलं तर चाक कमजोर होईल, इथे हलक्या बाजूला द्यावं लागतं. याचं मास्तरांना फार नवल वाटलं. चाकं परत चढवण्याआधी तिने ती जिथे टेकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढला, नट आधी हाताने फिरवले आणि मग समोरासमोरचे आवळत गेली. एका बाजूने आवळत गेलं तर चाक तिरकं बसतं, असं ती म्हणाली. हे मात्र मास्तरांना सांगावं लागलं नाही. चावा दोन्हीकडून सारखा पडावा लागतो, हे त्यांना झोपेतसुद्धा ठाऊक होतं.

घरी परतताना मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी श्वास रोखून वेग वाढवला. स्टिअरिंग ढिम्म. आणखी वाढवला. गाडी तेलावरून सरकावी तशी चालली होती. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आता इतक्या दिवसांची भीती बायकोला हसत हसत सांगून टाकावी म्हणून त्यांनी डावा हात गिअरवरून काढून मांडीवर ठेवला, आणि सहज त्याच्याकडे नजर गेली.

डाव्या हाताचा अंगठा बोटांवर हळूहळू घासत होता, मेणाची गोळी वळावी तसा.

एखादं वजन निसटलं असेल, हे पहिलं मनात आलं. त्यांनी हात स्टिअरिंगवर ठेवला. अंगठा थांबला. मांडीवर ठेवला, पुन्हा सुरू. खोड जाते कुठे, त्यांनी तेच परत परत करून पाहिलं. मग गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. गाडी दगडासारखी उभी राहिली. अंगठा चालूच होता.

“गाडी नाही,” मास्तर म्हणाले. “मी आहे.”

“माहीत आहे मला,” बायको म्हणाली.

मास्तरांची दातखिळीच बसली. ती सांगत गेली. गाडी थरथरायच्या कितीतरी आधीपासून ती बघत होती. ते पेपर वाचत बसले की पानाचा कोपरा हलायचा. बोलावं असं तिला रोज वाटायचं, पण ती तोंड उघडायची आणि हे गाडीचं गाऱ्हाणं सुरू करायचे.

“मग टायरसाठी एवढी मागे का लागलीस?”

“गाडी हलत होती तोवर तुम्ही तिच्या आड लपत होतात. ती गप्प झाली की बोलाल, असं वाटलं.”

त्यांना लाज वाटली, थोडा रागही आला. पण सगळ्यांत जास्त वाटलं ते हे, की इतके दिवस आपण एकटे घाबरत होतो आणि हीसुद्धा एकटीच घाबरत होती, एकाच घरात. अंगठा अजून हलत होता. मास्तर त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर ती जुनी, प्रश्न पडल्याची आठी आली.

“टेबलाशी बसल्यावर पण हलतो?”

“नाही. काम हातात असलं की थांबतो. मी रोज दारातून बघते.”

रोज दारातून कुणी बघतं, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. टेबलाशी बसताना त्यांची पाठ दाराकडे असायची. बायको म्हणाली, उद्या डॉक्टरांकडे जायचंय, वेळ मी घेऊन ठेवलीय, त्यांना काय विचारायचं ते विचारा. मास्तरांनी मान हलवली. पण गाडी सुरू केली नाही. डावा हात उचलून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “आधी तू सांग. पहिल्यांदा हलला तेव्हा कसा दिसला होता?”

तिने पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि त्या हाताकडे बघत सांगायला लागली.