वर्ग चालू असताना मारलेली हाक

“म्हणजे तू मोरीत पडलीस, मनगट मोडलं, आणि गप्प पडून राहिलीस? कुणाला सांगतेस हे?” वैशाली आईवर ओरडत होती, पण बघत होती भावजयीकडे, दीपिकाकडे.

“नाही मारली हाक. वाटलं, उठता येईल.” सुंदराबाईंनी प्लास्टरमधला हात मांडीवर नीट ठेवला.

“तू? डब्याचं झाकण निघालं नाही तर सगळी चाळ गोळा करायचीस!”

“तेव्हा चाळ होती. आता टॉवर झाला.”

“ताई, पुरे ना,” बुद्धभूषण म्हणाला.

“तू बोलूच नको. तू ड्युटीवर होतास. घरात कोण होतं? मी आईला आजच पनवेलला माझ्याकडे नेते.”

सुंदराबाईंचा चेहरा उतरला. लग्न होऊन आल्यापासून त्या परळ सोडून कुठे राहिल्या नव्हत्या. रविवारी पांढरी साडी नेसून विहारात जायचं, पोरांकडून वंदना म्हणून घ्यायची, येताना बायकांशी जिन्यात तासभर बोलत उभं राहायचं. हे सुटू नये म्हणून त्या खोटं बोलत होत्या, आणि खोटं आहे हे दीपिकाला ठाऊक होतं.

दीपिका नायगावची. तीही विहारातच वंदना शिकली. पुढे विम्याच्या ऑफिसात लागली, बढत्या मिळाल्या आणि झोप उडाली. गोळ्या सुरू झाल्या. कुणीतरी ध्यानाच्या शिबिराला नेलं, तिथे ती सावरली. मग नोकरी सोडून घरूनच ऑफिसवाल्यांचे ध्यानाचे ऑनलाइन वर्ग घेऊ लागली. देव नको, विधी नको, नुसता श्वास आणि समोरचा क्षण. ती मनापासून शिकवायची. सासूच्या वंदनेला मात्र ‘पाठांतर’ म्हणायची, तेही तोंडावर.

“असू दे गं,” सुंदराबाई हसायच्या. “तू पण रोज तेच तेच सांगतेस की त्या कम्प्युटरला.”

परवा सकाळच्या वर्गाचा विषय होता ऐकणं. दीपिका आतल्या खोलीत डोळे मिटून बसली होती, पडद्यावरचे सगळेही. बाहेरून हाक आली, “दीपे...” मग आणखी एकदा, बारीक आवाजात. सासूची हाक तिने ओळखली. दुधाचं नाहीतर गॅसचं असेल, असं वाटलं आणि थोडा रागही आला. मग त्याच शांत आवाजात ती वर्गाला म्हणाली, “आत्ता बाहेरून एखादा आवाज येईल. त्याच्यामागे जाऊ नका. येऊ द्या, जाऊ द्या.”

वर्ग संपल्यावर कुणीतरी लिहिलं, आज फार शांत वाटलं. ती खुशीत बाहेर आली. सुंदराबाई ओल्या फरशीवर बसल्या होत्या, धडक्या हाताने परकर गुडघ्यांवर ओढून घेत होत्या.

“झाला क्लास?” त्यांनी विचारलं. टोमणा असता तर दीपिकाला सोसला असता.

तेव्हापासून ती स्वतःचंच औषध घेऊन बघत होती. छातीवर ओझं आहे, ते बघा, येऊ द्या, जाऊ द्या. हे शब्द मनात आले की ती डोळे उघडून उठून जायची.

आता वैशाली कपाटातून आईच्या साड्या काढत होती. सुंदराबाई पुन्हा म्हणाल्या, “अगं, नाहीच मारली मी हाक.” खोटं न बोलण्याचं शील रोज सकाळी घेणारी बाई. दीपिका गप्प राहिली असती तर कदाचित ते सासूच्या सोयीचंच झालं असतं.

“आईंनी हाक मारली होती,” ती म्हणाली. “दोनदा. मी ऐकली, पण उठले नाही.”

बुद्धभूषण बायकोकडे वळला.

“घे!” वैशाली आईला म्हणाली. “हिला वाचवत होतीस?”

सुंदराबाई भडकल्या, पण सुनेवर. “या वयात शील मोडलं मी, ते फुकट घालवलंस! गप्प बसवेना तुला?”

“नाही बसवत, आई.”

“मग आता काय करणार?” वैशालीने विचारलं. “डोळे मिटून माफी मागणार?”

दीपिकाने तिच्या हातातल्या साड्या घेतल्या आणि कपाटात परत ठेवल्या.

“सकाळचा वर्ग उद्यापासून बंद. हात बरा होईपर्यंत आईंना आंघोळ मी घालणार. त्या परळमध्येच राहतील.”