काकीचं गाऱ्हाणं

आमच्या ऑफिसात मध्यंतरी पुण्याहून एक गृहस्थ आले होते. ध्येय कसं ठरवावं आणि कसं गाठावं, यावर त्यांनी आम्हाला दुपारभर बसवून ठेवलं. ध्येय आधी मनात पक्कं करा, म्हणाले, आणि रोज स्वतःशी उच्चारा. मला हसू आवरेना. स्वतःशी उच्चारलेली ध्येयं मी कितीतरी पचवली आहेत. ती मेली तर कोणाला सुतकही लागत नाही. आमच्या काकीचं ध्येय मात्र शिमग्याच्या पालखीपुढे, सगळ्या वाडीच्या साक्षीने जाहीर झालं होतं. तेही तिने मागितलं त्याहून भलतंच मोठं.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. रत्नागिरी शहराला लागून असलेल्या वाडीत आमची दोन्ही घरं एकाच दगडी गडग्याच्या आत आहेत. तिचं माहेर नेवऱ्याच्या पुढे, आरे-वारेचा घाट ओलांडला की जवळच. लांब म्हणावं असं नाहीच. पण काका वर्षानुवर्षं बोटीवर, आणि एसटीने गेलं तर सगळा वेळ डोळा परतीच्या गाडीकडे. म्हणून काकी कायम कोणाच्या तरी पाठी बसून माहेरी जायची. कधी भाचा न्यायचा, कधी थोरले दीर, म्हणजे माझे बाबा. नेणारा माणूस गाडीवरून उतरायचाही नाही. जरा वेळ गेला की हॉर्न सुरू. हॉर्न वाजवण्यात आमचे बाबा सगळ्यांत पुढे.

काकीची आई, जिला आम्हीही आजीच म्हणतो, वळणावर गाडीचा आवाज आला की चहाचं आधण ठेवायची. लेक चहापुरतीच टिकते हे तिला अनुभवाने कळलं होतं. काकी तो चहा बशीत ओतून उभ्यानेच प्यायची आणि पदराने तोंड पुसत निघायची. मी सोबत गेले की ते बघून माझं डोकं फिरायचं. काका रिटायर होऊन घरी आले तेव्हा हॉर्न वाजवणारं माणूस बदललं, एवढंच.

शिमग्यात ग्रामदेवीची पालखी आमच्याकडे घरोघर येते. बायका ओटी भरतात आणि गावचे मानकरी देवीपुढे त्या घराचं गाऱ्हाणं घालतात. मागणं आपण त्यांच्या कानात सांगायचं, ते खणखणीत आवाजात देवीला सांगणार आणि जमलेली माणसं त्यावर होकार देणार. आमच्या मानकऱ्यांना एक खोड आहे. दिलेलं मागणं त्यांच्या तोंडून कधी तेवढंच बाहेर पडत नाही. कोणी मुलासाठी नोकरी मागितली तर ते ओघात बढतीही मागून टाकतात. काका घरी आले त्या वर्षी काकीने त्यांच्या कानात सांगितलं, "ह्यांची स्कूटर चालवायला जमू दे." मानकऱ्यांनी डोळे मिटले.

"आई माऊली म्हाराजा! ही तुझी लेक गाडी शिकाय बघते, तिच्या हातात बळ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पुढल्या शिमग्याच्या आत, कोणाच्या पाठी न बसता, आपल्या हातानं गाडी हाकत आरे-वारेचा घाट चढून ती माहेरच्या दारात उभी ऱ्हाऊ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली. त्यात माझा आवाजही होता.

काकीने हातातलं ओटीचं ताट खाली ठेवलं. "मी वाडीत फिरण्यापुरतं सांगितलं होतं वो," ती हळूच म्हणाली.

मानकरी घाम पुसत होते. "आता तो शब्द माझा ऱ्हायला नाय, वहिनी."

वाडीवर सडा आहे, नुसता उघडा कातळ. तिथे काकीचं शिक्षण सुरू झालं. शिकवायला मी. ती पडली, गुडघे सोलवटले, एकदा स्कूटरसकट करवंदीच्या जाळीत गेली आणि बाहेर येताना करवंदं घेऊनच आली. पावसाळ्यात कातळाला शेवाळ धरलं तेव्हा ती पडवीत उभ्या गाडीवर बसून नुसती ब्रेक दाबत राहायची. काका तिला कप्तान म्हणून चिडवायचे. तिने मनावर घेतलं नाही. दिवाळीनंतर लायसन्स निघालं. मग पाठच्या सीटवर नारळाचं पोतं बांधून ती चढणीवर थांबायचा आणि पुन्हा निघायचा सराव करू लागली, कारण तिची सगळी भीती तिथेच होती. चढावर गाडी थांबवावी लागली तर मागे जाईल, हे तिच्या मनातून जाईना.

थंडी सरता सरता ती एकदा एकटीच निघाली. आरेपर्यंत गेली, समोरची चढण पाहिली आणि परत आली. चावी खिळ्याला लावली आणि मासे कापायला बसली. काकांना वाईट वाटलं. "देवीला नारळ देऊ नि गाऱ्हाणं बदलून घेऊ," ते म्हणाले.

"बदलायला तो काय दुकानातला ब्लाऊजपीस हाय?" काकी कडाडली.

होळीसाठी झाड बघायला माणसं निघाली, म्हणजे मुदत संपत आली. त्या सकाळी काकी मला म्हणाली, "चल गो. पोत्याच्या जागी बस." मी शंका काढली, की सोबत घेऊन गेलं तर चालेल का? "मी कोणाच्या पाठी बसायचं नाय, एवढंच ठरलंय," ती म्हणाली. "माझ्या पाठी कोणी बसू नये असं देवीसमोर कोण बोललेलं नाय."

घाटात व्हायचं तेच झालं. ऐन चढणीवर पर्यटकांची एक मोठी गाडी समुद्राचे फोटो काढायला मधेच थांबली. काकीने ब्रेक दाबला. डावीकडे खाली समुद्र, आणि आमच्या पाठी गाड्यांची रांग. लगेच हॉर्न सुरू झाले. उतरू का, मी विचारलं.

"बसून ऱ्हा." मग मान न वळवता ती पाठच्यांना म्हणाली, "वाजव मेल्या, वाजव."

पुढची गाडी हलेपर्यंत तिने सगळ्यांना थांबायला लावलं. मग गाडी तसूभरही मागे न जाता निघाली आणि आम्ही माथ्यावर आलो. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि तिला ते दिसत नाही म्हणून मी ते खुशाल वाहू दिले.

आजी खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन उभी होती. सवयीने तिने माझ्याकडे पाहिलं. "कोणी आणलंन गो? तू?"

"नाही आजी. काकीने मला आणलं."

तिला ते पटेना. ती फाटकाच्या बेड्यापर्यंत चालत गेली, वळणाकडे बघत राहिली. रस्त्यावर कोणी नव्हतं. परत आली, लेकीच्या हातातल्या चावीकडे पाहिलं आणि आत गेली. आम्ही पाठोपाठ गेलो, तर तिने शेगडीवरून चहाचं आधण उतरवलं होतं आणि भाताचं टोप चढवत होती.

"बस," ती लेकीला म्हणाली.

काकी बसली. माहेरच्या घरात तिला बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.