गाळावरची वाळू

"थांबा. पाय ठेवून बगू द्या."

पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला मामा आधी एवढं म्हणत. मग स्वतः पुढे होऊन उजव्या पायाची टाच काठावर दाबत, अंगाचा सगळा भार तिच्यावर देत आणि मान तिरकी करून क्षणभर उभे राहत. बंद दाराला कान लावून आत कोणी आहे का ऐकावं, तसे. टाच फार रुतली नाही तर "जावा" म्हणत. रुतली तर काही न बोलता तिथे निरगुडीची काठी खोचत. काठीच्या टोकाला लाल चिंधी.

येडगाव धरणाच्या फुगवट्यावर एखाद्या रिसॉर्टमध्ये तुम्ही मुलाबाळांसह राहिला असाल, तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेला, गळ्यात शिट्टी, अंगात इंग्रजी अक्षरांचा टी-शर्ट आणि खाली मळका पायजमा. अशा माणसाचं नाव आपण विचारत नाही. मी तिथे मॅनेजर होतो, मूळचा मंचरचा. सहा वर्षं त्यांना मामाच म्हणत आलो, इथेही मामाच म्हणतो.

मामांनी एक रीत घालून दिली होती. पाण्यात जाणाऱ्या प्रत्येक मुलाने आपल्या चपला त्यांच्या स्टुलाशेजारी ओळीने काढायच्या. पाण्यातून आलं की आधी चपला घालायच्या, मग आईकडे जायचं. पुण्याच्या बायका कुरकुर करत. एकदा एक बाई म्हणाल्या, "काका, आमच्या मुलाचे सँडल महाग आहेत. असे चिखलात नाही ठेवत आम्ही."

"ताई, सँडल गेलं तर दुसरं मिळंल," मामा म्हणाले. "मला पोरांचं तोंड ध्यानात ऱ्हात न्हाई. सगळी सारकीच गोरी दिसत्यात. जोड मात्र ध्यानात ऱ्हातो."

बाई हसल्या आणि त्यांनी सँडल ठेवले. संध्याकाळी ओळ रिकामी झाली की मामा स्टूल उचलत. एक जरी जोड उरला तरी उठत नसत. मालक कुठे आहे ते शोधून आणल्यावरच त्यांचा दिवस संपायचा.

धरण झालं तेव्हा त्यांची घरची जमीन पाण्याखाली गेली होती. मामा त्या वेळी अगदी लहान. तरी होडी चालवताना ते पाण्यावरून नाही, जमिनीवरून चालल्यासारखे बोलत. एकदा पाहुण्यांसोबत मीही होडीत होतो. वल्हं मारणाऱ्याला मामा म्हणाले, "चिंचंपाशी वळीव."

चारही बाजूंनी पाणी. मी विचारलं, "कुठली चिंच, मामा?"

"ती काय, समोर."

"तुम्ही पाहिलीय?"

"न्हाई बा. माज्या बापानं दाखवली, पाण्याकडं बोट करून." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "हसू नका राव. चिंच नसंल, पर तितला चढ हायेच की. होडी घासती."

आणि होडीचा तळ खरोखर घासला.

कुठे बांध होता, कुठे विहीर बुजवली, कुठून ओढा नदीला मिळत होता, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. उन्हाळ्यात आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी धरणातून कालव्याला पाणी सोडलं, की फुगवट्याचं पाणी रोज मागे सरकतं. उघडा पडलेला गाळ वरून वाळतो, त्याला भेगा पडतात, पाय ठेवावासा वाटतो. आत मात्र तो दह्यासारखा असतो. म्हणून मामा रोज सकाळी काठ्या उपटून नव्या जागी लावत. वर्षानुवर्षं. "वरनं समदंच चांगलं दिसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाळाबद्दल तेच, पुढाऱ्यांबद्दल तेच, आणि आमच्या बुफेतल्या पनीरबद्दलही तेच.

आमचे मालक पुण्याचे. एका हिवाळ्यात ते सहकुटुंब मेक्सिकोला जाऊन आले. समुद्रकाठच्या एका भल्यामोठ्या रिसॉर्टमध्ये आठवडाभर राहिले. आल्यावर आम्हा सगळ्यांना लॉनवर बसवून त्यांनी मोबाइलमधले व्हिडिओ दाखवले. पांढरी वाळू, गवताच्या छत्र्या, आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सगळे एका ओळीत पहुडलेले. मालक म्हणाले, "बघा, लोक खोलीत बसतच नाहीत. सगळं कुटुंब बीचवर. आपल्याला हेच करायचंय."

मामांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग विचारलं, "साहेब, तितं आवर्तन सुटतं का वो?"

सगळे हसले. मालकही हसले. "मामा, तो समुद्र आहे!"

"मंग त्यांचं बरं हाये," मामा म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

मीही हसलो होतो. आमच्या घोळक्यात विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

हायवा ट्रक भरभरून बारीक पांढरी वाळू आली. पाणी काठोकाठ होतं तोवर बीच सुरेख दिसला. गर्दी वाढली. मग आवर्तन सुटलं, पाणी मागे गेलं आणि वाळू एकीकडे, पाणी दुसरीकडे, मधे काळा गाळ अशी अवस्था झाली. पाहुणे तक्रार करू लागले. मालकांचा फोन आला, "पाणी जिथे गेलंय तिथवर वाळू न्या." मी ट्रॅक्टर लावला आणि वाळलेल्या गाळावर वाळू पसरून घेतली. मीही शेतकऱ्याचा मुलगा. गाळ काय असतो ते मला शिकवायला नको होतं.

मामा दिवसभर ट्रॅक्टरमागे फिरत होते. संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आले.

"साहेब, आता मला बी दिसंना कुटं काय हाये. भेगा दिसायच्या तवा निदान कळायचं."

"मग काठ्या जरा जास्त लावा."

"लावतो. पर त्या ओढ्याच्या जागंला नुसत्या काठीनं भागायचं न्हाई. तितं वाळूच नगं. वजनानं सगळंच घसरंल."

"बघू," मी म्हणालो. मॅनेजर माणसाला हा शब्द फार उपयोगी पडतो.

त्या शनिवारी एक मोठं कुटुंब आलं होतं. आजोबांचा पंचाहत्तरीचा सोहळा, तीन पिढ्या, पांढरे कपडे. जेवणानंतर मागे पाणी दिसेल असा सगळ्यांचा एकत्र फोटो घ्यायचा ठरला. फोटोग्राफर मला म्हणाला, "सर, त्या चिंध्या तेवढ्या हलवा ना, फ्रेममध्ये येतायत." मामा होडीकडे गेले होते. सात काठ्या होत्या. मी स्वतः उपटल्या आणि स्वयंपाकघरामागे नेऊन ठेवल्या. कोणाला सांगितलं असतं तर आज निम्मा दोष त्याच्यावर ढकलता आला असता. तेही मला करता येत नाही.

मामा परत आले, त्यांनी एकदा काठाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"फोटू झाला की लावा बरं का, साहेब."

"हो हो."

थोड्या वेळाने पुन्हा आले. "झाला का फोटू?"

"केक कापताना एक राहिलाय. तेवढा होऊ द्या. सगळे लॉनवरच आहेत, पाण्यात कोणी नाही."

मामांनी स्टुलाशेजारी पाहिलं. "एक जोड हाये," म्हणाले.

गुलाबी, वीतभर लांबीच्या चपला. मी म्हणालो, विसरली असेल कोणीतरी. माझं वाक्य संपायच्या आत ते चालू लागले होते.

सहा वर्षांत मी त्यांची शिट्टी ऐकली नव्हती. ती त्या दिवशी ऐकली. फुगवलेली रिंग वाऱ्याने पाण्याकडे गेली होती आणि ती आणायला सहा वर्षांची मुलगी वाळूवरून चालत गेली होती. कमरेपर्यंत रुतली होती. रडत नव्हती, नुसती बघत होती. लॉनवरून तिचा बाप धावत सुटला, त्याच्यामागे चार जण. मामा ओरडले, "पळू नका! कुणी बी पळू नका! तितंच ऱ्हावा!" होडीतली बसायची फळी ओढून त्यांनी पुढे टाकली, तिच्यावर पालथे पडले आणि सरपटत गेले.

त्यांचा आवाज आम्हाला स्पष्ट येत होता. "बाळा, पाय हालवू नगंस. खाली मासोळी निजलीया. तिला जागं करायचं न्हाई. हां. आता माज्या गळ्याला धर. हळू. शानी माजी ती."

मुलगी हसली. मी पैजेवर सांगतो, ती हसली. तिचा एक पाय सुटला, मग दुसरा. मामांनी तिला फळीवर निजवलं, आपण फळीवरून उतरले आणि फळी जोराने आमच्याकडे ढकलली. तिच्या बापाने टोक पकडलं. आम्ही सगळे मुलीकडे वळलो. तेवढ्यात मागे ओल्या भिंतीचा पोपडा निघावा तसा आवाज झाला. ओढ्याची जागा वाळूसकट पाण्यात घसरली. वळून पाहिलं तर मामा नव्हते. गढूळ पाणी आणि त्यावर तरंगणारी रिंग.

मासेमारी करणाऱ्यांनी अर्ध्या तासाने त्यांना वर काढलं.

आता मला जे लिहायचं आहे त्यासाठीच हे सगळं लिहितो आहे. मालकांचा फोन आला.  त्यांनी एवढंच विचारलं, "मामा पूर्वी प्यायचे ना?" पुढचं वाक्य त्यांनी शिकवलं नाही. ते माझं होतं. पोलिसांना दिलेल्या जबाबात मी सांगितलं, की काठ्या लावलेल्या होत्या. मामांच्या तोंडाला वास येत होता. मुलगी बाहेर आल्यावरही ते विनाकारण पुढे गेले. खाली सही केली. ते कुटुंब त्याच संध्याकाळी निघून गेलं, त्यांना कोणी काही विचारलं नाही. मामा तरुणपणी प्यायचे हे गावाला माहीत होतं, म्हणून माझं वाक्य गावात सहज मुरलं. बीच बंद झाला. पुढच्या हंगामात उरलेली वाळू पाण्याखाली गेली. मी मॅनेजरच राहिलो.

दीड वर्षाने नारायणगावात चहा पिताना शेजारच्या बाकावरचा एक टेम्पोवाला मला म्हणाला, "पावणं, धरणावरची ती गंमत म्हाईती हाये का? म्हातारं दारू टाकून बीचवर पवायला गेलं आन् गाळातच बसलं!" तो मला ओळखत नव्हता. बाकावरचे सगळे हसले. माझंच वाक्य इतकं फिरून, धष्टपुष्ट होऊन माझ्याकडे परत आलं होतं. 

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला, पोलीस ठाण्यात जाऊन नवा जबाब लिहून दिला आणि मामींना शोधत गेलो. त्या एका शेतात मजुरीने टोमॅटो तोडत होत्या. मी बांधावर उभं राहून सगळं सांगितलं. काठ्या, वास, सही. त्यांचा हात थांबला नाही. क्रेट भरल्यावर त्या उठल्या.

"हे मला कशाला सांगता? अकरा वरसं दारू सुटली व्हती त्यांची. रोज घरी आलं की आदी तोंडाचा वास द्यायचं, मंग भाकर मागायचं. मला म्हाईत न्हाई व्हय?"

"मामी, माझी चूक..."

"चूक डोळा चुकवून घडती. तुमी तर सही केली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "माजी नात साळंत जाती. पोरी तिला म्हणत्यात, तुजा आज्जा दारुडा. मला सांगून तिचं काय व्हनार हाये? सांजच्याला डेअरीवर या. समदं गाव दूध घालाया येतं. तितं सांगा."

मी गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये रांग लागली होती, हातात किटल्या आणि कॅन. मामी रांगेत मधोमध उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी बोलायला लागलो. मामा प्यायलेले नव्हते, म्हणालो. काठ्या मी काढल्या होत्या. ते मुलीला वाचवताना गेले आणि मी खोटं लिहून दिलं.

 दूध मोजणाऱ्याने माप तसंच हातात धरलं होतं. पुढचा एक जण जमिनीकडे बघत म्हणाला, "दीड वरसानं आठावलं व्हय, साहेब?" मी मान खाली घातली. वाटलं, संपलं.

मग रांगेच्या शेवटाकडून एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय म्हणतुया त्यो?"

 मामींनी किटली खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मागं ऐकू गेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "परत सांगा. मोठ्यानं."

मी परत सांगितलं.